हे पित्त नव्हे

वारज्याच्या टेकडीखाली तिन्ही बाजूंनी बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी गेनबाची अंजिराची बाग जागची हलली नव्हती. आणि तितकीच पक्की होती गेनबाची फुशारकी. गांधीलमाशी आपल्याला लागत नाही, असं तो चाळीस वर्षं उभ्या गावाला सांगत आला होता. गाव महापालिकेत गेलं, चावडीच्या जागी पार्किंग आलं, पण कुणाच्या आंब्यावर, कुणाच्या गच्चीत गांधिलींनी घर केलं की बोलावणं यायचं ते गेनबालाच. हा गडी नुसत्या हातानं ते घर काढायचा, दोन-चार डंख खायचा आणि वर चहा पिऊन, मिशीवर हात फिरवून घरी यायचा.

मथुराबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ही फुशारकी पाठ झाली होती. ती काही बोलायची नाही. पुरुषमाणसाला एखादं वेड असावं, दारूपेक्षा गांधील परवडली, असा तिचा हिशेब.

गेल्या हिवाळ्यात मात्र हा हिशेब चुकला. अंजिराची तोडणी चालू होती. पिकून फुटलेल्या फळात गांधील तोंड खुपसून बसलेली असते, ती वरून दिसत नाही. गेनबाच्या मनगटाला तिनं डंख मारला. त्यानं नेहमीप्रमाणे डंखावर विळ्याचं लोखंड घासलं आणि पुढच्या झाडाला हात घातला. पंधरा मिनिटं झाली नसतील, तोच अंगभर रुपयाएवढ्या गांध्या उठल्या, ओठ सुजले आणि त्यानं बांधावर बसून भडाभडा उलटी केली.

"पित्त उठलं," सगळे म्हणाले.

आपल्याकडे या शब्दानं फार घोळ घालून ठेवलाय. अंगावर गांध्या आल्या की पित्त, छातीत जळजळलं की पित्त, डोकं दुखून उलटी झाली की तेही पित्तच. एका पोत्यात सगळं कोंबायचं, तोंड बांधायचं आणि वर आमसुलाचं पाणी ओतायचं. गेनबाच्या अंगालाही आमसुलाचं पाणी चोळलं. तासा-दीड तासानं गांध्या बसल्या. त्या आपोआप बसायच्याच होत्या, पण श्रेय आमसुलानं घेतलं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेनबानं, "रातीचं वांगं बाधलं, पित्त उठलं," एवढंच सांगितलं आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन आला. गांधिलीचं नाव काढलं नाही. ज्याला गांधील लागत नाही, त्यानं ते नाव काढायचं तरी कुठल्या तोंडानं?

त्या दिवसापासून घरात वांगं बंद झालं. बिचाऱ्या वांग्याचा काडीचा दोष नव्हता.

महाशिवरात्रीच्या सुमाराला पुन्हा तेच झालं. गांधील डसली, गांध्या उठल्या आणि या वेळी आवाजही बसला. गेनबा विहिरीच्या कठड्याला टेकून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पित्त हाय. आमसूल आन."

मथुराबाईनं आमसूल आणलं, पण तिच्या डोक्यात आता किडा वळवळू लागला होता. "दोन म्हैनं घरात वांगं शिजलं न्हाई," ती म्हणाली. "मग आता काय बाधलं तुमाला?"

"हवा," गेनबा म्हणाला.

"हवा न्हाई. गांधील. मागल्या येळंला बी गांधीलच हुती. मी पाह्यलंय."

"येडी का खुळी तू? मला कदी गांधील लागलीय का? गावात बोलू नगं आसलं काय."

मथुराबाई गावात बोलली नाही. चार दिवसांनी तिनं आपले गुडघे दुखायला लावले. "एकलीला जिना चढवत न्हाई, सोबत चला," म्हणून गेनबाला घेऊन ती समोरच्या सोसायटीतल्या डॉक्टर सुनीतीबाईंकडे गेली. खुर्चीवर टेकल्या टेकल्या तिनं गुडघे बाजूला ठेवले आणि हिवाळ्यापासूनची सगळी कहाणी सांगून टाकली. गेनबा दाराकडे बघत होता, पण दाराला टेकून कंपाउंडर उभा होता.

सुनीतीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या मोजकं बोलणाऱ्या होत्या आणि जे बोलायच्या त्याला धार असायची.

"काका, चपला कुठे काढल्यात?"

"भाईर."

"मग तो पित्त शब्दही बाहेर चपलांशेजारी ठेवून या. माझ्याकडे त्याचं काही काम नाही. ही अ‍ॅलर्जी आहे."

"आवं बाई, चाळीस वर्सं चावत्यात मला. लागायची आसती तर तवाच लागली आसती."

"असं काही नसतं. चाळीस वर्षं शरीर गप्प बसतं आणि एक दिवस त्याला वैर सुचतं. एकदा सुचलं की दर डंखाला ते वाढू शकतं. पहिल्यांदा अंगावर गांध्या आल्या, दुसऱ्यांदा आवाज बसला. तिसऱ्यांदा घसा बंद होऊ शकतो. घसा बंद झाल्यावर तुमचं ते आमसुलाचं पाणी कुठून पाजायचं, तेवढं मला सांगून जा."

  आजवर मथुराबाईला संशय होता, आता भीती वाटली. हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत, आपल्याच झाडाखाली, घटकाभरात जाऊ शकतो, आणि भोवती उभे असलेले सगळे त्याला आमसूल पाजत बसतील!

डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे तपासण्यांसाठी चिठ्ठी दिली आणि आणखी एक औषध लिहून दिलं, अ‍ॅड्रिनलिनचं. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या दोन कुप्या आणि दोन सिरिंजा. श्वास कोंडला, आवाज बसला, भोवळ आली, तर वाट बघायची नाही. माणसाला आडवं करायचं, पाय वर ठेवायचे, मांडीच्या बाहेरच्या अंगाला सुई द्यायची, अर्ध्या कुपीची. लागलं तर कापडावरूनच. आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची, कारण सुईनं फक्त वेळ मिळतो, दवाखाना चुकत नाही.

"पण सुई कोण देणार? घरात कुणी आहे का शिकलेलं? टोचायला मोसंबी देते सरावाला," सुनीतीबाई म्हणाल्या.

"मोसंबी कशाला?" मथुराबाई म्हणाली. "आमच्या म्हशी व्याल्या की त्यांना सुया मीच देत्ये. पंधरा वर्सं झाली. म्हस लाथ मारती, ह्ये तर नुसते बोंबलत्याल."

सुनीतीबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. तरी त्यांनी मोसंबी दिलीच, आणि मथुराबाईकडून साध्या पाण्याच्या तीन कुप्या फोडून घेतल्या. काचेच्या मानेवर कापड धरायचं आणि आपल्यापासून लांब मोडायचं, हे तिसऱ्या वेळी बरोबर जमलं.

गेनबानं दोन अटी घातल्या. गावात बोभाटा करायचा नाही, आणि ते औषध त्याच्या नजरेला पडता कामा नये. मथुराबाईनं दोन्ही मान्य केल्या. चष्म्याच्या जुन्या डबीत कुप्या-सिरिंजा ठेवल्या. डबी ऊन लागू नये म्हणून घरात माठाशेजारी असायची, आणि गेनबा बागेत निघाला की मथुराबाईच्या कमरेच्या पिशवीत. घरात फक्त सुनेला, ऋतुजाला, तिनं विश्वासात घेतलं. ऋतुजा हिंजवडीच्या कंपनीत कामाला होती, घरून काम करायची. तिनं मोबाइलवर सगळं वाचून काढलं आणि जास्तच घाबरली. "आत्या, तुमच्या हातून काही चुकलं तर?" ती म्हणाली. या घरात सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत अजून टिकून होती.

"चुकलं तर चुकलं. न्हाई दिलं तर चुकायला बी माणूस ऱ्हायचा न्हाई," मथुराबाई म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांकडे न्यायची चिठ्ठी मात्र देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली पडून राहिली. तोडणी संपली की जाऊ, गेनबा म्हणायचा.

एप्रिलातली गोष्ट. अंजीर ऐन भरात होतं. उजाडायच्या आत तोडणी उरकायची, कारण गारव्यात गांधील सुस्त असते, असा बागेचा शिरस्ता. त्या दिवशी वीज गेल्यामुळे मोटरीनं घोटाळा केला, पाणी द्यायला उशीर झाला आणि तोडणीला हात लागेपर्यंत साडेनऊ वाजले. ऊन चढलं होतं. झाडाझाडावर गांधिलींचा गुंजारव चालू होता. मथुराबाई म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या."

"फळ उद्यापतुर फुटंल," गेनबा म्हणाला आणि अर्ध्या बाहीच्या बंडीवर झाडात शिरला.

तोडणीला दोन बायका होत्या, आणि गप्पा मारायला शंभू आला होता. शंभू म्हणजे गेनबाचा शाळासोबती, पलीकडच्या आळीतला. तो बांधावर बसून गावातल्या कुणाकुणाच्या टॉवरची उंची मोजत होता. मथुराबाई क्रेटमध्ये फळं लावत होती. अंजिराच्या देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांना चिकटतो आणि झोंबतो. तिची दहाही बोटं चिकट झाली होती.

गेनबा झाडातून बाहेर आला. मान खाजवत होता. मग तळहात खाजवू लागला.

"तळहात खाजतोय?" शंभू हसला. "लक्ष्मी येनार बाबा. कुनी बिल्डर यायचाय वाटतं."

गेनबाही हसला, पण त्या हसण्याला आवाज नव्हता. नुसती हवा गेली. मथुराबाईनं हातातलं फळ खाली ठेवलं.

"गांधील डसली का?"

"न्हाई." तो घोगरा बोलला. "जरा... पित्त..."

त्याच्या मानेवर लाल डाग होता आणि त्याभोवती गांध्या चढत होत्या. ओठ सुजले होते. तो क्रेटवर बसायला गेला, पण बसता बसताच पाय मुडपून जमिनीवर कोसळला.

मग जे व्हायचं तेच झालं. तोडणीच्या एका बाईनं कांदा फोडायला घेतला. दुसरी घराकडे पळाली, आमसूल आमसूल करत. शंभूनं गेनबाच्या काखेत हात घातले आणि त्याला बसता करू लागला. "पित्तानं घेरलं, उटवून बसवा, वारा घाला!"

"सोड त्याला!" मथुराबाई ओरडली. उभ्या जन्मात ती शंभूला अरेतुरे बोलली नव्हती. "खाली झोपीव! आडवा! पाय वर धर, त्या क्रेटवर ठीव!"

"वैनी, आवं पित्त—"

"पित्त न्हाई! गांधील हाय! पाय वर धर म्हंते ना!"

शंभूनं मुकाट्यानं पाय धरले. ऋतुजा धावत आली. तिच्या कानाशी फोन होता, रुग्णवाहिका लावलेली, आणि घाबरून तिच्या तोंडून तेच घरातलं निघालं, "सासऱ्यांना पित्त उठलंय, खूप—"

"तसं सांगू नगं!" मथुराबाईनं कमरेची डबी काढता काढता दम भरला. "पित्त म्हनलं की त्येबी आमसूल सांगत्याल. सांग गांधील चावलीय, घसा बंद पडलाय, शुद्ध जायला लागलीय. आन् पत्ता नीट सांग, कुठल्या सोसायटीशेजारी त्ये."

ऋतुजानं एक श्वास घेतला आणि कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलते तसं तीन वाक्यांत सगळं स्वच्छ सांगितलं.

मथुराबाईनं पहिली कुपी धरली आणि मोडली. बोटांवरचा चीक, भलत्या जागी लागलेला जोर, काचेचा चुरा झाला. अंगठा कापला, औषध मातीत गेलं.

 गेनबाच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता. डबीत एकच कुपी उरली होती.

"आत्या, थांबा, अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय, डॉक्टरांनाच देऊ द्या!" ऋतुजा रडत म्हणाली.

"तवर ह्यो ऱ्हायचा न्हाई."

तिनं खाली बसकण मारली, हात मातीत घोळवले, पदरानं खसाखसा पुसले. चिकावर माती बसली की बोट घसरत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मग पदराचं टोक कुपीच्या मानेभोवती गुंडाळलं आणि आपल्यापासून लांब मोडलं. टक्. मान स्वच्छ वेगळी झाली. सिरिंज भरली, अर्ध्या खुणेवर आणली, वरची हवा काढली. म्हशीपुढे जसा तिचा हात कधी हलला नाही, तसाच आताही हलला नाही. गेनबाच्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, धोतरावरूनच, तिनं सुई सरळ आत घातली आणि दांडा शेवटपर्यंत दाबला.

"वाजले किती?"

"दहा बावीस," ऋतुजा म्हणाली.

"ध्यानात ठीव."

आणि मग वाट बघणं आलं. सांगायला चार-पाच मिनिटं, पण मथुराबाईला त्यात उभा जन्म सरल्यासारखा वाटला. ती नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती आणि तोंडानं त्याला शिव्या देत होती. चाळीस वर्षांत साठलेल्या सगळ्या. तुमच्या मिशीला आग लागो, तुमची फुशारकी जळो, मला असं बागेत टाकून जायचं नाव काढलं तर बघा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिला कळतही नव्हतं.

आधी शिट्टी थांबली. श्वासच थांबला, असं तिला वाटलं. पण श्वास थांबला नव्हता, मोकळा झाला होता. छाती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. राखेतून हळूहळू रंग वर आला. गेनबानं डोळे उघडले, भोवतीची मंडळी बघितली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बोंबलतंय कोन एवढं?"

"मी!" मथुराबाई म्हणाली आणि रडता रडता इतक्या जोरात हसली की सोसायटीच्या चौथ्या मजल्यावरची माणसं बाल्कनीत आली.

गेनबा उठायला लागला. तिनं छातीवरचा हात हलवला नाही. "पडून ऱ्हावा. उटलात तर दुसरी सुई न्हाई माज्याकडं." तो पडून राहिला. चाळीस वर्षांत त्यानं तिचं पहिल्याच शब्दाला ऐकलं, ते तेव्हा.

रुग्णवाहिका आली. त्यातल्या पोरीनं नाडी बघितली, ऑक्सिजन लावला आणि विचारलं, "इंजेक्शन कोणी दिलं?"

सगळे मथुराबाईकडे बघू लागले, जणू तिनं काही चोरलं होतं.

"मी दिलं. अर्धी कुपी. उजव्या मांडीला. धा बावीसला."

पोरीनं तिच्याकडे बघितलं. मातीचे हात, कापलेला अंगठा, पदराला रक्त. "मावशी," ती म्हणाली, "हे तुम्ही दिलं नसतं, तर मी रिकामीच परत गेले असते."

गेनबाला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता शंभू भेटायला आला, डझनभर केळी घेऊन. मथुराबाई स्टुलावर बसली होती, अंगठ्याला पट्टी बांधून. शंभूनं खुर्ची ओढली आणि मोठ्यानं म्हणाला, "काय गेनबा, वैनी काय बी म्हनू देत, गावभर झालंय बघ, गेनबाला पित्तानं घेरलं म्हनून. जागरण नडलं आसंल तुला."

मथुराबाईनं नवऱ्याकडे बघितलं. ती काही बोलणार नव्हती. हे त्याचं त्यानं बोलायचं होतं, आणि न बोलला तर पुढच्या हंगामाला पुन्हा अर्ध्या बाहीची बंडी आणि पुन्हा गांधील, हे तिला दिसत होतं. गेनबानं आढ्याकडे बघितलं. मिशीकडे हात नेला, तिथे ऑक्सिजनची नळी लागली, हात खाली घेतला.

"पित्त न्हाई, शंभू," तो म्हणाला. आवाज अजून बसलेला होता, पण शेजारच्या तिन्ही खाटांना ऐकू जाईल इतका होता. "गांधील लागती मला. हिवाळ्यापास्नं लागती. मी लपवलं. मी मेलो हुतो, हिनं मला माघारी आनला. गावात सांगायचं तर ह्ये सांग."

मथुराबाईला वाटलं, उठून वॉर्डभर पेढे वाटावेत. चष्म्याची डबी आणि मोसंबी आणि दोन महिन्यांचं चोरून जागणं, सगळं एका झटक्यात फळाला आलं होतं. ती ताठ बसली. जिंकलेल्या माणसाला कसं बसायचं असतं ते तिला आयत्या वेळी बरोबर समजलं.

 शंभूनं मात्र केळ्यांच्या पिशवीचे कान एकदा ओढले, सोडले, पुन्हा ओढले.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "आमच्या धाकट्या सुनंला फाल्गुनात दोनदा पित्त उठलं. दुसऱ्या येळंला आवाज बसला तिचा. आमी आमसूल चोळलं." त्यानं पिशवी खाली ठेवली. "पोटमाळ्याला, खिडकीच्या वर, गांधिलींचं घर हाय आमच्या. लई दिस झालं. गेनबा आला की काडंल, म्हनून ठिवलंय."

मथुराबाई उभी राहिली.

"ती आता कुठं हाय?"

"घरीच. पोटमाळा आवरतीय. आज सुट्टी हाय तिला."

"फोन लाव. आत्ता लाव. म्हनावं, हाय तशी खाली उतर, खिडकी उघडू नगं, कशाला हात लावू नगं, आन् चपला घालून सुनीतीबाईंच्या दारात जाऊन बस. मी येत्ये."

शंभूला नंबर सापडेना. मथुराबाईनं फोन त्याच्या हातातून घेतला, स्वतः लावला आणि पलीकडून आवाज येईपर्यंत कानाला लावून उभी राहिली. आवाज आला, ठणठणीत, मोकळा. "हॅलो?"

"पोरी, मी मथुरामावशी बोलत्ये," ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालायलाच लागली. दारापाशी तिला आठवलं की नवरा खाटेवर आहे. तिनं वळून बघितलं.

गेनबानं नळीसकट हात वर केला. "जा गं, जा. मी काय आता मरत न्हाई."